सभेच्या आदल्या दिवशीचं इतिवृत्त

सतरा वर्षं मी आमच्या मासिक सभेचं इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशी लिहीत आले. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही, आणि कोणी तसं म्हणालं असतं तर मी त्यालाच चार शब्द ऐकवले असते. उद्या काय होणार हे सगळ्यांना ठाऊकच असेल, तर ते आज निवांत बसून चांगल्या अक्षरात का लिहू नये? माझं अक्षर चांगलं आहे. त्या अक्षरापायीच हे काम माझ्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा तोराही होता.

आमची संस्था लहान. मुख्य कार्यालय अमरावतीत, आणि अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत मुलींना शिवणकाम आणि कॉम्प्युटर शिकवणारी चार केंद्रं. प्रत्येक केंद्राला एक प्रमुख. सभेत कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही, गावानं मारतात. "मोर्शी, तुमचा अहवाल." "मूर्तिजापूर, जरा पुढे सरका." मी कार्यालयाची अधीक्षक, वयानं थोरली, म्हणून सगळ्यांची ताई. सचिव ते साहेब. त्यांना नाव असण्याची गरजच नव्हती.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अकरा वाजता सभा. विषयपत्रिका वर्षानुवर्षं तीच. विषय पहिला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचत कोणीच नसे. मी वही उघडायची, साहेबांनी विचारायचं "कायम?", आणि टेबलाभोवती "कायम, कायम" असा आवाज फिरायचा. मग साहेब बोलायचे. मग साहेबच बोलायचे. बाकीचे मूग गिळून बसायचे, आणि मोर्शीचे सर मधूनमधून "बरोबर आहे साहेब" म्हणायचे. त्यांचं ते म्हणणं इतकं ठरलेलं होतं की ते कुठे येणार हे मला लिहितानाच कळायचं.

ज्याला खरोखर काही बोलायचं असेल त्याच्यासाठी शेवटचा विषय होता: ऐनवेळी येणारे विषय. तिथवर तोंड बंद ठेवायचं. आणि नेमकं तिथेच शिपाईकाका गिलावड्याच्या, म्हणजे दह्यात बुडवलेल्या वड्यांच्या, प्लेटा घेऊन आत यायचे. अमरावतीत गिलावडा समोर आल्यावर भांडणारा माणूस अजून जन्माला यायचाय. साहेब चमचा उचलायचे आणि सभा संपायची.

एक रीत आणखी होती, आणि सगळं त्या रीतीवरच आलं. आधी सही, मग चहा. माणूस दारातून आत आला की मी वही पुढे करायची. डाव्या पानावर उपस्थितांची यादी, तिथे सही घ्यायची. ठराव पान उलटल्यावर असायचे, आदल्या दिवशी लिहिलेले, शाई वाळलेले. पान कोणी उलटायचं नाही. तसा नियम नव्हता, पण कोणी उलटत नसे.

मधे एकदा साहेबांना वाटलं की सभा कंटाळवाण्या होतात. त्यांनाही कंटाळा येत होता हे मला तेव्हाच कळलं. त्यांनी पुण्याहून एक प्रशिक्षक बोलावला. हसतमुख माणूस. त्यानं आम्हाला रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हणाला, मनात येईल ते लिहा, भिंतीवर चिकटवा, नाव लिहू नका. इथे सगळ्यांना सगळ्यांचं अक्षर पाठ. बहुतेकांनी लिहिलं, 'सभा छान होतात.' मोर्शीच्या सरांनी दोन चिठ्ठ्यांवर तेच लिहिलं. एकाच चिठ्ठीत काही अर्थ होता: 'मूर्तिजापूरची वेळ बदला.' प्रशिक्षकानं ती मोठ्यानं वाचली, छान म्हणाला, आणि यावर आपण नंतर बोलू म्हणून संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला. चिठ्ठ्या भिंतीवरून मीच सोलून काढल्या. मूर्तिजापूरची तेवढी ऐनवेळच्या विषयांच्या फायलीत टाकली. त्या फायलीत पडलेलं कधी वर येत नसे, हे मला माहीत होतं आणि तरी मी ती तिथेच टाकली.

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. सभेच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मूर्तिजापूरची हजेरी महिन्यामागून महिना घसरत होती. रजिस्टरचे फोटो व्हॉट्सॲपवर माझ्याकडेच यायचे, गैरहजर मुलींच्या नावांवर लाल रेघ मारायचं कामही माझंच. साहेब म्हणाले, "मूर्तिजापूर बंद करू. ठराव असला की वरची कार्यकारिणी मान्यता देईल. लिहून टाका." मी टेबलाशी आले आणि लिहिलं: 'घटती उपस्थिती पाहता मूर्तिजापूर केंद्र मार्चअखेर बंद करावे, असे सखोल चर्चेअंती सर्वानुमते ठरले.' अनुस्वारसुद्धा नीट दिले.

मूर्तिजापूरच्या मॅडम पस्तिशीच्या. आठ वर्षांपूर्वी ते केंद्र त्यांनीच दोन मशीनवर उभं केलं होतं. घरी सासू आणि दोन मुली, आणि कमावणाऱ्या त्या एकट्या. त्या दिवशी त्या नेहमीसारख्या धापा टाकत आल्या. मी वही पुढे केली, बोट ठेवून जागा दाखवली, त्यांनी सही केली. मागच्या पानावर त्यांचं केंद्र बंद झालेलं होतं.

सभेत साहेब एवढंच म्हणाले, "मूर्तिजापूरचं आपण बघतोच आहोत." मॅडमनी हात वर केला. "साहेब, मले त्या वेळेबद्दल बोलायचं होतं."

"ऐनवेळच्या विषयात घेऊ," साहेब म्हणाले.

मग गिलावडा आला. मॅडम प्लेट हातात धरून बसल्या होत्या, मी पाहिलं. पाहिलं आणि दह्यावर मीठ घालून घेतलं.

चार दिवसांनी पत्र गेलं, सोबत ठरावाची प्रत. लगेच फोन आला. "ताई, हे कवा ठरलं? मी तर होती तिथं."

मी म्हटलं, "सभेतच ठरलं. तुमची सही आहे."

फोनवर मागे शिलाई मशीनचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "सही तर मी आल्याची केली होती." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या रात्री मला झोप लागली, उगाच खोटं कशाला सांगू. पण पुढच्या सोमवारी रजा टाकून मी अकोल्याला भावाकडे निघाले होते, आणि मूर्तिजापूरला एस.टी. थांबली तेव्हा माझी मीच उतरले. साडेनऊ वाजले होते. केंद्र स्टेशनच्या अंगाला, एका गोडाऊनशेजारच्या दोन खोल्यांत. दहा वाजता वर्ग सुरू झाला. चार मुली. मी मनात म्हटलं, साहेब चुकीचं काय बोलले?

साडेअकराला बाहेर चपलांचा आवाज झाला. दहा-अकरा मुली एकदम आत आल्या, ओढण्यांनी घाम पुसत, आणि आपापल्या मशीनवर बसल्या. कोणी सॉरी म्हटलं नाही, मॅडमनी कोणाला रागावलं नाही. खेड्यांकडून येणारी सकाळची गाडी शाळेच्या पोरांनीच भरून येते, फाट्यावर थांबत नाही. दुसरी पोचते साडेअकराला. आणि आमचा नियम असा की चारही केंद्रांची वेळ एकच, दहा ते एक, आणि सव्वादहानंतर येईल ती गैरहजर. महिन्यात सहा गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी.

"यांची हजेरी?" मी विचारलं.

"कुठची हजेरी ताई. तुमच्या नियमानं ह्या आल्याच नाई." त्या एका मुलीचं शिवण उसवत होत्या, वर न बघता बोलत होत्या. "मी दोन वाजेपर्यंत थांबून यायले शिकवून राहिली. कागदावर नाई म्हनून पोरी नाईच का?"

एका मुलीनं मला स्वतः शिवलेला ब्लाउज दाखवला. गळा इतका सुबक की मी उलटून आतली शिलाई पाहिली. नाव विचारलं. ते नाव मला माहीत होतं. सप्टेंबरात मीच त्याच्यावर रेघ मारली होती, पट्टी ठेवून, सरळ.

मला राग आला. साहेबांचा आला, त्या एकच वेळ लावणाऱ्या नियमाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या चांगल्या अक्षराचा आला. अकोल्याला पोचेपर्यंत तो राग उतरला नाही. भाऊ म्हणाला, काय झालं, मी म्हटलं काही नाही. भावजयीनं वाढलेलं जेवले आणि ठरवून टाकलं.

पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी साहेबांनी मुद्दे दिले. मी म्हटलं, "उद्या लिहीन."

"उद्या कसं लिहाल? उद्या तर सभा आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं. त्यांना वाटलं माझी तब्येत बरी नाही.

शनिवारी मी कोणाकडूनही आधी सही घेतली नाही. सगळे बसले. साहेबांनी विचारलं, "कायम?" आणि सगळीकडून "कायम, कायम" झालं.

"थांबा," मी म्हटलं. "विषय वाचून कायम करण्याचा आहे. मी वाचते."

मोर्शीचे सर म्हणाले, "ताई, झालं ना बाप्पा कायम. आता कायले वाचता?"

मी उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत ते शब्द कोणी मोठ्यानं ऐकलेच नव्हते. मोर्शीच्या सरांनी 'प्रशिक्षणाच्या दर्जाबाबत मौलिक सूचना मांडल्या' असं मी लिहिलं होतं. ते ऐकून सर स्वतःच शेजारच्याकडे बघायला लागले. अकोल्याच्या मॅडमनी 'आभार मानले' होते. त्या मागच्या वेळी आलेल्याच नव्हत्या. कोणीतरी हसलं, मग हसू थांबलं, कारण मी मूर्तिजापूरच्या ठरावापाशी आले होते. तो मी सावकाश वाचला. मग विचारलं, "मूर्तिजापूर, तुम्ही याला संमती दिली होती?"

"नाई."

"चर्चा झाली होती?"

"नाई."

"मग हे सर्वानुमते नाही," मी म्हटलं. "हे मी सभेच्या आदल्या दिवशी लिहिलं. साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. चूक दोघांची आहे, अक्षर माझं आहे. हे इतिवृत्त कायम करायला माझा विरोध आहे."

अधीक्षकाला सभेत मत नसतं. ते मला माहीत होतं, साहेबांनाही माहीत होतं, पण त्या क्षणी कोणाला ते आठवलं नाही. साहेब लाल झाले. "बाई, हे तुम्ही मला केबिनमध्ये सांगायचं होतं."

"केबिनमध्ये सांगितलं असतं तर केबिनमध्येच राहिलं असतं."

वाचण्यात वेळ गेला होता, म्हणून तेवढ्यात शिपाईकाका प्लेटा घेऊन दारात उभे. मी त्यांना म्हटलं, काका, परत न्या, सभा आत्ताच सुरू झाली आहे. काकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब वहीकडे बघत होते. काका परत गेले. मला वाटतं, आमच्या संस्थेच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा ठराव होता आणि तो कुठेच लिहिलेला नाही.

मूर्तिजापूरच्या मॅडम आधी अडखळल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची सवय झालेल्या माणसाला तोंड मोकळं झाल्यावर काय करायचं ते लगेच सुचत नाही. मग बोलल्या. गाडीची वेळ सांगितली, फाट्यावर न थांबणारी गाडी सांगितली, एकेका मुलीचं गाव सांगितलं. "साहेब, बारा ते तीन करून द्या. मंग एक बी पोरगी कमी झाली तर मीच कुलूप लावून चाबी आनून देतो."

आणि मग मोर्शीचे सर बोलले. दहा वर्षं ज्यांनी फक्त री ओढली ते सर घसा खाकरून म्हणाले, "आता निघालंच हाय तर मी बी सांगतो. संत्र्याचा तोडा चालू असते तवा अर्ध्या पोरी बागेत असतात. आपन नेमकी तवाच परीक्षा ठेवतो. मंग नापास किती म्हनून मलेच विचारता."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत," साहेब म्हणाले.

"विचारलं कवा?" सर म्हणाले. स्वतःच्याच आवाजाला ते दचकले असावेत, कारण लगेच ते पाणी प्यायले.

सभा अडीच वाजेपर्यंत चालली. भांडणं झाली. अकोला आणि मोर्शी एका प्रोजेक्टरवरून असे जुंपले की मला पेन ठेवून बघत बसावंसं वाटलं. शेवटी ठरलं: प्रत्येक केंद्रानं आपली वेळ आपण ठरवायची, आणि मूर्तिजापूरला तीन महिने द्यायचे. साहेब म्हणाले, "तीन महिने. मग बघू." ते मी जागेवरच लिहिलं. घाईत अक्षर वेडंवाकडं आलं, दोन ठिकाणी खाडाखोड झाली. मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग वही फिरवली.

त्यानंतर मला कारणे दाखवा नोटीस आली. उत्तरात मी लिहिलं की यापुढे मी न झालेली सभा लिहिणार नाही, दुसरं कोणी लिहिणार असेल तर वही न्यावी. वही न्यायला कोणी आलं नाही. त्या वहीवर आता सगळ्यांचे डोळे होते, ती सांभाळणं जड काम झालं होतं. मी सुटले असते, पण मला सुटायचंच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण केलंस, असं घरात म्हणाले. केलं तर केलं.

आमच्या सभा आता पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. ऐनवेळचे विषय पहिले घेतो. साहेब शेवटी बोलतात. पहिले दोन महिने त्यांना ते फार जड गेलं, सारखे घड्याळाकडे बघायचे, पण आता मधेच एखादा प्रश्न विचारतात, आणि उत्तर ऐकतातही. सभा फिरती केली, कारण मोर्शीचा प्रश्न मोर्शीत बसून लवकर सुटतो, तिथे खिडकीतूनच दिसतो. नाश्ता सह्या झाल्यावर. ज्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही त्यानं यायची गरज नाही. असं ठरल्यापासून सगळे येतात. गोंगाट होतो, वेळ लागतो, वही कुरूप दिसते. मला ती तशीच आवडते.

मूर्तिजापूरचे तीन महिने संपले तेव्हा सभा तिथेच होती. बसायला जागा नव्हती, आम्ही मशीनच्या मधे स्टुलांवर बसलो. साहेबांनी रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, "ठीक आहे, चालू ठेवा." मॅडमनी मान हलवली.

त्या मला स्टँडवर सोडायला आल्या. खरं सांगते, मी वाट बघत होते की त्या काहीतरी चांगलं बोलतील. निदान एक शब्द. गाडी लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, एक विचारू? माह्यासाठी तुमी उभ्या राहिल्या. माह्या आधी किती जनींचं असंच लिहिलं?"

मी पायरी चढले. गाडीत बसले. बडनेरा येईपर्यंत मला एकच गाव आठवत राहिलं, अचलपूर.

चार वर्षांपूर्वी तिथे आमचं पाचवं केंद्र होतं. सोमवारी कार्यालयात गेले आणि जुनी वही काढली. 'शिक्षिकेच्या कार्यक्षमतेचा अभाव लक्षात घेता केंद्र बंद करण्याचे सर्वानुमते ठरले.' डाव्या पानावर त्या बाईंची सही. त्या भांडल्या नव्हत्या. तेव्हा आम्ही म्हणालो होतो, बघा, त्यांनाच पटलं.

पुढच्या रविवारी अचलपूरची एस.टी. पकडली. त्या आता घरच्या पुढच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करतात. मला ओळखलं, बसा म्हणाल्या. मी वही उघडून दाखवली आणि कोणत्या दिवशी लिहिलं होतं ते सांगितलं. त्यांनी हातातली साडी पूर्ण केली, दोरा तोडला. मग म्हणाल्या, "मले वाटलं सगळ्यायनं बसून इचार केला. चार वर्सं मी घरी सांगून राहिली का मलेच शिकवता आलं नाई." आणि दुसरी साडी ओढून घेत, "माह्या पोरीले शिकवायची बी हिंमत नाई केली मी."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाल्या, "मले एकटीले घरी येऊन नका सांगू. जिथं लिहिलं तिथं सांगा."

येत्या शनिवारी सभा अमरावतीच्या कार्यालयात आहे. तिच्या विषयपत्रिकेवर मी तो विषय घातला आहे: अचलपूर केंद्राचा ठराव संबंधित शिक्षिकेच्या समक्ष वाचून रद्द करणे. साहेबांनी तो खोडला. म्हणाले, वरातीमागून घोडं, केंद्र गेलं, आता काय उपयोग? मी पुन्हा लिहिला. त्यांनी पुन्हा खोडला. काल मी तिसऱ्यांदा लिहून पत्रिका सगळ्या केंद्रांना पाठवून दिली. अचलपूरच्या बाई सकाळच्या गाडीनं निघणार आहेत, मुलीलाही सोबत आणणार आहेत. मी टेबलाला दोन खुर्च्या जास्त लावल्या आहेत.